नुसते ओठ हलव

"मनाली, तू गातच नाहीयेस!"

चिंधूकाकांनी पेटीचा भाता मिटला आणि तालमीच्या खोलीतलं गाणं थांबलं. नाटकातली तीन गाणी गेले तीन आठवडे सगळे मिळून म्हणत होते आणि मधोमध उभी असलेली मनाली, नाटकाची नायिका, नुसते ओठ हलवत होती. तेही इतकं बेमालूम की दिग्दर्शक असलेल्या शैलेशलाही कधी संशय आला नव्हता. आज काकांनी बाकीच्यांना गप्प बसवून तिला एकटीला ओळ म्हणायला लावली आणि बिंग फुटलं.

"गाणी रेकॉर्ड करून वाजवू की," मनाली म्हणाली. "करिष्मा गाईल, मी अभिनय करीन."

"स्पर्धेत ते चालत नाही. आणि तुझी होडीवाली गात गातच रंगमंचावर येते. आवाज काय शेजारणीकडून उसना आणायचा तिनं?"

करिष्मा फिस्सकन हसली. ती कल्याणला गाणं शिकत होती आणि होडीवालीची सगळी वाक्यं तिला पाठ होती. ते सगळ्यांना माहीत होतं.

"मी नटी व्हायला आलेय, गाणारी नाय!" मनाली उसळली. "माईक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो माझा आवाज. तुझा पोचतो का गो?"

"पोचतो ना. सुरात पोचतो."

"बास!" शैलेश मध्ये पडला. "मनाली, नाक्याजवळ भाऊसरांचा गाण्याचा क्लास आहे. उद्यापासून रोज जा. पुढच्या शनिवारी मला पहिलं गाणं ऐकव. नाही जमलं, तर होडीवाली करिष्मा करेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

शैलेशचं बोलणं तिनं कसंबसं गिळलं असतं. पण भाऊसरांचं नाव ऐकलं आणि तिनं बॅग उचलली, दार आपटलं आणि सरळ अंजूरची रिक्षा गाठली.

मनालीचं घर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या गाळ्याला खेटून होतं. बापानं आपल्याच जागेत गाळे बांधून भाड्यानं दिले होते आणि दिवसरात्र खटाखट चालायची. त्या घरात हळू बोलणं म्हणजे न बोलणंच. मीठ वाढ म्हणायचं तरी छातीतून. मनाली शाळेत गेली ती हाच आवाज घेऊन. चौथीत असताना सव्वीस जानेवारीच्या समूहगीतात तिला घेतलं, तेव्हा ती आनंदानं जीव तोडून गायली. संगीताचे भाऊसर पेटी थांबवून तिच्याजवळ आले, खाली वाकले, डोक्यावर हात ठेवला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मनाली, तू नुसते ओठ हलव हं, बाळ."

ते खेकसले असते तर ती दोन दिवसांत विसरली असती. शाळेत रोजच कुणी ना कुणी खेकसायचं. पण हे इतक्या मायेनं सांगितलेलं होतं की तिला ते खरंच वाटलं. त्यांच्या गटाला पहिला नंबर मिळाला. प्रत्येकाला एकेक कंपासपेटी मिळाली. मनालीलाही, न गाण्याबद्दल. त्यानंतर चौदा वर्षं ती गायली नव्हती. हळदीत नाही, आरतीत नाही, भांडी घासताना एकटी असली तरी नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं फळीवरची ती कंपासपेटी काढली आणि आतल्या सुया, बटणं, दोऱ्याची रिळं खाटेवर ओतली.

"काय झाला गो?" आई ओरडली. "आन् सुया कुठं ठेवू मी?"

"ठेव माझ्या डोक्यात टोचून! तसाही राग भरलाय तिथं!"

धामणकर नाक्याजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सरांचा क्लास होता आणि खाली लूमचा कारखाना. लाइट गेली होती म्हणून कारखाना गप्प होता. वर खिडक्या उघड्या टाकून दहा-बारा मुलं गात होती. सरांचे केस आता पार पांढरे झाले होते.

"अगं, मनाली ना? शैलेशचा फोन आला होता. बस, बाळ. रविवारी स्पर्धा आहे यांची, एवढं होऊ दे."

मनाली बसायला आलेली नव्हती. काय बोलायचं ते तिनं रिक्षात दहा वेळा घोकलं होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात तिचं लक्ष शेवटच्या ओळीतल्या एका मुलीकडे गेलं. आठेक वर्षांची, दोन वेण्या. तिचे ओठ अगदी वेळेवर हलत होते, मान डोलत होती, चेहऱ्यावर हसूसुद्धा होतं. पण गळा हलत नव्हता. दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं. मनालीला एका नजरेत कळलं.

"थांबवा!"

मुलं दचकून थांबली.

"काय नाव तुझं?"

"भाविका."

"का गात नायस?"

भाविकानं सरांकडे पाहिलं. त्या पाहण्यातच सगळं उत्तर होतं.

"अजून तेच करताय?" मनालीनं बॅगेतली कंपासपेटी काढून हार्मोनियमवर आदळली. "चौदा वर्षं झाली, सर! तुम्हाला आठवतंय तरी का, मला काय सांगितलं होतं ते?"

सरांना आठवेना. त्यांच्या चेहऱ्यावरून ते स्पष्ट दिसलं आणि तिचा राग दुप्पट झाला. तिनं आठवण करून दिली, शब्दाला शब्द. तो 'बाळ'सुद्धा सोडला नाही.

"एक आवाज बाहेर गेला की बाकीचे भरकटतात गं," सर शांतपणे म्हणाले. "एकीसाठी सगळ्यांची मेहनत कशी घालवायची?"

"मग बक्षिसासाठी मुलं जमवता म्हणा. शिकवायला कशाला बोलावता?"

सरांनी कंपासपेटी बाजूला ठेवली. मग त्यांनी हार्मोनियमवर बोट ठेवलं. "नाटकातल्या पहिल्या गाण्याची ओळ म्हण पाहू."

मनालीनं श्वास घेतला. ओठ हलले. आवाज आला नाही. माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारी ही मुलगी दहा-बारा पोरांसमोर मुकी उभी राहिली. लाजेनं आणि संतापानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लाइट आ गई!" खालून कुणीतरी आरोळी ठोकली. एक लूम सुरू झाला, मग दुसरा, मग सगळेच. जमीन थरथरायला लागली. सर सवयीनं खिडक्या लावायला उठले.

"राहू द्या उघड्या!" मनाली ओरडली.

हा आवाज तिच्या घरातला होता. या आवाजात कुणाला काही ऐकू जात नाही, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिनं डोळे मिटले आणि गळा मोकळा सोडला.

तिचा आवाज त्या खडखडाटावरही चढला. सर परत येऊन हार्मोनियमवर तिचा सूर शोधू लागले. एक पट्टी दाबली, जुळेना. त्याच्या वरची, मग त्याच्याही वरची. एका काळ्या पट्टीशी बोट थांबलं. त्यांनी तीच पट्टी पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. मग ते काहीतरी बोलले.

"काय?" मनालीनं विचारलं.

"तुझी पट्टी काळी चार आहे, वरची!" लूमच्या खडखडाटात सरांना ओरडावं लागलं. "मी मुलांना पांढरी एकमध्ये गायला लावतो! माझ्या गळ्याला ती सोयीची म्हणून! तू बेसूर नव्हतीस! तुला खाली ओढत होतो मी!"

"म्हणजे चूक माझी नव्हती?"

"माझी! माझं चुकलं!"

"ऐकू आलं नाय!"

आलं होतं. सरांनाही ते कळलं असावं. तरी म्हातारा माणूस उभा राहिला आणि गळ्याच्या शिरा ताणून, सगळ्या मुलांसमोर पुन्हा ओरडला, "माझं चुकलं!"

मनालीला वाटलं होतं, हे ऐकल्यावर बरं वाटेल. वाटलं नाही. उलट चौदा वर्षांतल्या सगळ्या हळदी, सगळ्या आरत्या एकदम आठवल्या.

सरांनी खिडक्या लावल्या. भाविकाला पुढच्या ओळीत आणून बसवलं आणि मुलांना काळी चार दिली. दोघा-तिघांना ती झेपेना, म्हणून मग थोडी खालची पट्टी शोधली. भाविकाचा आवाज बारीक निघाला, घाबरत घाबरत, पण निघाला.

"रविवारी ही गाणार," मनालीनं बजावलं.

"गाईल. नंबर नाही आला तर नाही आला." सर तिच्याकडे वळले. "तू राग निवला की ये."

"निवणार नाय. रागासकट शिकवा."

"मग अशीच उभी राहा. खांदे खाली. श्वास पोटात घे. सा म्हण आणि मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

मनालीनं सा लावला. मनातल्या मनात आठ मोजायच्या आत तिचा दम संपला.

"ताई, एवढाच?" भाविकानं विचारलं.

मनालीनं डोळे वटारले. पण पोरगी खोटं बोलत नव्हती. नाटकातलं लांब भाषण म्हणतानाही मनालीचे शेवटचे दोन शब्द असेच विरून जायचे. शैलेशनं कितीदा सांगितलं होतं आणि तिनं कितीदा कानाआड केलं होतं. तिनं पुन्हा श्वास घेतला.

पुढच्या शनिवारी तालमीत सगळे भिंतीला टेकून बसले. शैलेश हाताची घडी घालून उभा होता, करिष्मा पुढेच बसली होती. मनाली खांदे खाली सोडून मधोमध आली. "काळी चार, काका," तिनं सांगितलं. पहिली ओळ चढली. दुसऱ्या ओळीत वरच्या सुरावर आवाज चिरकला.

तिचं लक्ष आधी चिंधूकाकांच्या हाताकडे गेलं. काकांनी भाता मिटला नव्हता. तो हलतच होता आणि तिचा सूर त्यांनी धरून ठेवला होता. करिष्माकडे रागानं बघतच मनालीनं पोटात श्वास भरला आणि ती ओळ पहिल्यापासून घेतली.