पाय धुण्याचे पाणी

“फार गरम नाही ना?” मिस्त्रीने विचारले.

“नाही हो. काहीच लागत नाही,” बायको म्हणाली.

तिचे पाय टबात धुवायला गुडघे टेकून बसलेल्या मिस्त्रीला धन्य धन्य वाटले. लाँड्रीतल्या बॉयलरवर उभा जन्म गेला, पण घरात या माणसाने पाण्याचा पेला कधी स्वतः भरून घेतला नव्हता. नवरा म्हणून घराचे मस्तक आपण, एवढे बायबलातले मात्र तोंडपाठ. आज चर्चमध्ये जोडप्यांच्या वर्गात पाळक म्हणाले, मस्तक व्हायचंय ना, मग आधी वाका. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तुम्ही बायकोचे कधी धुतलेत? ते मिस्त्रीच्या जिव्हारी लागले. घरी येताच त्याने पातेलेभर पाणी तापवले आणि हात बुडवून पाहिला. त्याला कोमट वाटले.

बॉयलरच्या पाइपांनी ते हात केव्हाच राठ केले होते. आणि मधुमेहाने तिचे पाय बधिर झाले होते. चप्पल पायातून निसटली तरी तिला कळत नसे. हे त्याच्या गावीही नव्हते.

पाय पुसताना टाचेची कातडी टॉवेलला चिकटून आली.

“पाणी कोणी बघितलं?” हॉस्पिटलात नर्सने विचारले.

“मीच. हातानं.”

नर्सने त्याचे तळवे पाहिले. “काका, या हातांना काय कळणार? आता जखम भरते का बघू. नाही भरली तर पाय ठेवायचा की कापायचा, ते डॉक्टर ठरवतील.”

मिस्त्री बायकोकडे वळला. तो खाटेशी बसला. “दुखतंय का गं?”

“नाही.”

ती ओरडली असती तर बरे झाले असते, असे त्याला वाटले.

तीच हळूच म्हणाली, “वाफ दिसली होती मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही पहिल्यांदाच असे खाली बसला होतात. म्हटलं, उगाच रागवाल, उठून जाल.”

मिस्त्रीने माफी मागायला तोंड उघडले, तर नुसता हुंदका आला.

वॉर्डात चहा आला. मिस्त्रीने कप उचलला, तिच्या ओठांपाशी नेला आणि तिथेच थबकला. मग तिचे बोट धरून कपाला लावले.

“आधी तू बघ.”

तिने बोट झटकन मागे घेतले. “गरम आहे.”

“बरं,” तो म्हणाला, आणि कप हातात धरून तिच्या हो म्हणण्याची वाट बघत बसला.