अळूवरचा उजेड

दुबईत अल मनखूलच्या त्या इमारतीत सुलक्षणा तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि विनिता चौथ्यावर. दोघींच्या घरांना ऊन असं नव्हतंच. खिडक्या उघडायच्या त्या आतल्या डक्टमध्ये, आणि तिथून यायची फक्त एसींची घरघर. तरीही विनिताने घरात अळू लावलं.

लावलं म्हणजे काय, भाजीच्या टोपलीत विसरलेल्या अळकुड्यांना कोंब फुटले, तेव्हा फेकवेना म्हणून तिने त्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत माती घालून खुपसल्या आणि रिकाम्या खोलीत ठेवल्या. वर एक साधा पिवळा बल्ब टांगला. देठ वाढले, पण सुतासारखे. सुट्टीच्या एका शुक्रवारी सुलक्षणा, तिचा नवरा देवदत्त आणि मुलगी पर्णिका विनिताकडे जेवायला गेली असताना देवदत्तने ते पाहिलं. तो दिवे विकणाऱ्या एका ट्रेडिंग कंपनीत होता. पार्किंगचे, गोदामांचे, शोरूमचे दिवे. तो दारातच थबकला.

"वहिनी, हा उजेड तुम्हाला दिसण्यापुरता आहे. रोपांची उपासमार चाललीय."

"मग कुठला लावू, भावजी?" विनिताने विचारलं.

एवढं एकच तिने विचारलं. पण त्यानंतर देवदत्त जे बोलायला लागला ते थांबेचना. रस्त्यावरचे तांबूस सोडियम दिवे फुलाफळांना बरे, पण नुसती पानं हवी असतील तर उजेड निळसर पांढरा पाहिजे, पावसाळी सकाळी असतो तसा. मेटल हॅलाइड म्हणून एक दिवा येतो, त्याचा उजेड तसा असतो, पण तो तापतो फार. विनिता गालावर हात ठेवून ऐकत होती. विनिताचा नवरा सुदेश, शारजाच्या पुढे हमरियाला, फ्री झोनमधल्या एका फॅक्टरीत कामाला, तोही "अच्छा, अच्छा" करत होता. सुलक्षणाने हातातलं ताट खाली ठेवलं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. आपल्या नवऱ्याला इतकं बोलता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

पुढचे कित्येक शुक्रवार तेच. देवदत्तने आधी तो मेटल हॅलाइड आणला. खोली स्टेडियमसारखी झगझगली, पण एसीला ती गरमी झेपेना आणि पानांच्या कडा पापडासारख्या वाळल्या. मग त्याने डे-लाइटच्या चार ट्यूब आणून साखळीने टांगल्या, पानांपासून वीतभर अंतरावर. रोप वाढलं की साखळी एक कडी वर. अळूने जीव धरला. देठ काळपट आणि जाड झाले, पानं सुपाएवढी.

"ममा, इट्स लाइक अ जंगल अप देअर!" पर्णिका म्हणाली.

"हो का," सुलक्षणा म्हणाली आणि पोळी तव्यावर जरा जोरातच टाकली.

देवदत्त वरून खाली आला की त्याच्या चेहऱ्यावर बोलणं शिल्लक असायचं. घरात शिरताना ते विझायचं. तो रिमोट घेऊन बसायचा. "आज काय केलंत वर?" असं तिने एकदा विचारलं, तर तो म्हणाला, "काही नाही, साखळी वर घेतली." तिथे तासभराचं बोलणं, आणि इथे चार शब्द! विनितावर संशय घ्यावा असं काही नव्हतं, सुदेश समोर असायचा. संशय असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. नवरा शेजारणीशी ट्यूबलाइटबद्दल बोलतो म्हणून कुणाकडे रडायचं?

मराठी मंडळाच्या गणपतीत विनिताने अळूवड्या नेल्या. दुबईत पिकलेलं ताजं अळू म्हटल्यावर बायका भोवती गोळा झाल्या.

"माझं काही नाही हो," विनिता म्हणाली. "सगळं श्रेय देवदत्त भावजींचं. उजेड त्यांनी निवडला."

"मग सुलक्षणा, तुझ्याकडे तर बागच असेल!" प्रमिला म्हणून एक होती, ती म्हणाली. सगळ्या हसल्या. सुलक्षणाही हसली. हातातली अळूवडी मात्र तिने तशीच ताटात ठेवली.

दिवाळीनंतर विनिताची बहीण बाळंत झाली म्हणून विनिता आणि सुदेश पंधरा दिवसांसाठी सांगलीला निघाले. देवदत्तला नेमकं कामासाठी मस्कतला जायचं होतं. घराची किल्ली विनिताने सुलक्षणाच्या हातात दिली.

"ताई, फक्त पाणी घाला. दिव्यांना टायमर भावजींनी लावलाय. तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही."

पहिल्या दिवशी सुलक्षणा पाणी घालून त्या खोलीतच एका स्टुलावर बसली. एवढ्या जवळून तिने ते दिवे कधी पाहिले नव्हते. साखळीच्या आकड्यांची टोकं देवदत्तने वाकवून आत वळवली होती, आणि पत्र्याच्या धारदार कडांना निळी टेप गुंडाळली होती. कुणाचा हात कापू नये म्हणून. टेप अगदी नीट, एकावर एक, कुठे सुरकुती नाही. ती बराच वेळ त्या टेपकडे बघत राहिली. आपल्या घरात त्याने कधी कशाला अशी टेप गुंडाळली नव्हती.

देवदत्त मागे एकदा हसत म्हणाला होता की युरोपात लोक असल्याच दिव्यांखाली घरात गांजा वाढवतात, म्हणून त्याच्या कंपनीतसुद्धा असे दिवे कुठे चाललेत हे साहेब विचारतात. ते तिला आठवलं. खालच्या वॉचमनच्या कानात नुसतं घातलं, की चौथ्या मजल्यावर बंद खोलीत दिवसभर दिवे जळतात, आत काय आहे कोण जाणे, तरी पुरे. या देशात त्या गोष्टीचं नुसतं नावही परवडत नाही. ती लिफ्टमधून खाली गेलीसुद्धा. वॉचमन हारून उठून उभा राहिला. "क्या हुआ, भाभी?"

त्याचा साधा चेहरा बघून ती जागीच थांबली. सुदेशला बेड्या, विनिता पोलीस स्टेशनच्या बाकावर, असं सगळं तिला एका क्षणात दिसलं. "कुछ नहीं," म्हणून ती वळली. आपल्या मनात हे आलंच कसं, या भीतीने ती दिवसभर अस्वस्थ होती.

पण राग गेला नव्हता, नुसता लहान झाला होता. दुसऱ्या दिवशी घरातल्या माळ्यावरच्या देवदत्तच्या सॅम्पलच्या खोक्यातून तिने चार पिवळसर ट्यूब काढल्या, दिवाणखान्यात लावतात तसल्या. वर जाऊन, स्टुलावर चढून ट्यूब बदलल्या आणि साखळ्या पार छताला नेल्या. खोली हॉटेलसारखी मऊ पिवळी झाली. तिला खूप दिवसांनी हलकं वाटलं.

मग रोज ती पाणी घालायला जायची आणि बघायची. नवे देठ उजेड शोधत लांब आणि पांढुरके होत चालले. नवी पानं तळहाताएवढीच राहिली. एक देठ कमरेत मोडून पडला. रोज वाटायचं, आज परत बदलू. रोज ती दार ओढून घ्यायची.

देवदत्त मस्कतहून दोन दिवस आधीच परतला. शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "चल, वहिनींचं अळू बघून येऊ."

"मी बघते ना रोज," ती म्हणाली. पण तो किल्ली घेऊन उठलाच होता.

खोलीच्या दारात तो उभा राहिला. आधी त्याने वर पाहिलं, मग रोपांकडे, मग तिच्याकडे.

"या माझ्या सॅम्पलमधल्या ट्यूब आहेत."

"आधीच्या उडाल्या होत्या."

"चारही?"

ती मोडलेला देठ सरळ करायला वाकली. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो स्टूल ओढून चढला आणि साखळ्या खाली घेऊ लागला.

"बोला ना," शेवटी तीच म्हणाली. "विनिताशी तासन्‌तास बोलता. माझ्याशी बारा वर्षांत मिळून तेवढं बोलला नसाल."

"तिने विचारलं, सुलू."

"आणि मी काय विचारायचं? तुमच्याकडे सांगण्यासारखं काही आहे, हे मला कळणार कसं?"

त्याने हातातली साखळी सोडली. "पहिल्याच वर्षी तुला शोरूमला नेलं होतं. सगळे दिवे एकेक करून लावून दाखवले. तू म्हणालीस, डोळे दुखतात, घरी जाऊ."

तिला शोरूम आठवेना. त्या दिवसांतली उलट्यांची उबळ आठवली. तेव्हा पर्णिका पोटात होती.

"मला मळमळत होतं," ती हळूच म्हणाली.

"तू तसं म्हणाली नाहीस."

कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या आधीच्या ट्यूब तिने बाहेर काढल्या. खालून एकेक डे-लाइट ट्यूब हातात दिली, त्याने लावली.

विनिता परत आली तेव्हा दोघं वर गेले. रोपं बघून तिचा चेहरा उतरला. सुलक्षणा काही बोलायच्या आत देवदत्त म्हणाला, "चूक माझी, वहिनी. ट्यूबचा लॉट खराब निघाला."

"अहो भावजी, एवढं काय मनाला लावून घेता!" विनिता कळवळून म्हणाली. "तुम्ही केवढे कष्ट घेतलेत. बसा, मी चहा टाकते."

देवदत्त खाली मान घालून ती माया घेत उभा होता. सुलक्षणाला ते बघवेना. खरं बोलावं म्हणून नव्हे, ते बोलणं थांबावं म्हणूनच तिच्या तोंडून निघालं, "ट्यूब मी बदलल्या. मुद्दाम."

विनिता वळली. "का, ताई?"

"तुझं अळू बघवत नव्हतं मला."

विनिताने हात पुढे केला, सुलक्षणाने किल्ली त्यात ठेवली. चहा झाला नाही. त्यानंतर शुक्रवारची जेवणं बंद पडली, आणि लिफ्टमध्ये दोघी भेटल्या की विनिता पर्णिकाची शाळा विचारायची, दुसरं काही नाही. अळकुड्या मातीत शाबूत होत्या. हिवाळ्यात अळू पुन्हा फुटलं, हे सुलक्षणाला पर्णिकाकडून कळलं.

उन्हाळ्यात सुदेशने रोजचा प्रवास वाचवायला शारजात घर घेतलं. दिवे नव्या घरात टांगून द्याल का, म्हणून त्याने देवदत्तला फोन केला.

"जाऊन येतो," देवदत्त म्हणाला.

"मीही येते." सुलक्षणाने लगेच चप्पल घातली. त्याला एकट्याला जाऊ देण्याइतकी ती अजूनही मोठ्या मनाची झाली नव्हती, आणि हे तिचं तिला ठाऊक होतं.

शारजाच्या घरात खोकी पसरली होती. देवदत्त भिंतीला भोकं पाडत होता. सुलक्षणाने कुणाला न विचारता स्टूल घेतलं, वर चढली आणि पहिली साखळी आकड्यात अडकवली. दारात विनिता येऊन उभी राहिलीय, हे तिला न बघताही कळलं.

तिने दुसरी साखळीही अडकवली.

"ताई," विनिता म्हणाली, "डावी बाजू जरा खाली घ्या."

सुलक्षणाने डावी बाजू खाली घेतली.