सासऱ्याच्या पुढे

तुर्दाकुनला घोड्यावर बसवून कुठल्याही डोंगरात सोडा, पठ्ठ्या पडायचा नाही. पण त्या दिवशी स्वतःच्या अंगणात तो तीनदा आडवा झाला, कारण पायांत स्की होत्या.

"हसू नकोस," तो सुनेला म्हणाला.

"नाही आबा," म्हणत कुंदूजनं ओठ आवळले.

हसणं तिला परवडणारं नव्हतं. पाहुण्यांना स्कीवरून डोंगरात न्यायचं काम ती दोन हिवाळे शिकली होती, परीक्षाही पास झाली होती. पहिली मंडळी परवा येणार होती. नवरा राजधानीत, बिश्केकला, ट्रक चालवायचा, त्याची ना नव्हती. पण घरात शब्द सासऱ्याचा, आणि तो म्हणाला होता, "आधी मला नेऊन दाखव, मग बघू." तो नको म्हणाला की कुंदूज पुन्हा चुलीपाशी.

"ही केसाळ पट्टी तळाला चिकटवायची. चढताना मागं घसरू देत नाही."

"आणि ही टाच सुटलीय. मोडकी दिलीस मला?"

"मोकळीच असते, आबा. उतरताना अडकवायची. पाय उचलू नका, सरकवा. घरात चपला फरफटत चालता ना, तसं."

"मी फरफटत चालतो?"

"कधी कधी."

तुर्दाकुन गुरगुरला आणि निघाला, तोही पुढे. इथंच घोडं पेंड खायला लागलं. बर्फात वाट पाडायची वाटाड्यानं. पण सून सासऱ्याला पाठ कशी दाखवणार? चहा देऊनसुद्धा ती खोलीतून उलट्या पावलांनी बाहेर पडते. म्हणून शिकाऊ पुढे आणि गुरू मागे, अशी वरात निघाली. तासाभरात तुर्दाकुन बिटासारखा लाल झाला.

"दमलात?"

"मी? हॅ!"

देवदारांच्या वर कड्याखाली एक गुळगुळीत उतार होता. उन्हाळ्यात घोडे तिथूनच जायचे. तुर्दाकुन सरळ तिकडे वळला. पण तीन दिवस वाऱ्यानं त्याच उतारावर बर्फ आणून रचला होता; माणसाच्या वजनानंसुद्धा तो सगळा घसरून खाली आला असता.

"आबा, झाडीतून जाऊ या."

"चाळीस वर्षं जातोय या वाटेनं."

"उन्हाळ्यात, आबा!"

त्यानं ऐकलं नाही. आणखी दोन पावलं टाकली, तोच पायाखाली घुम्म असा आवाज झाला आणि त्याच्या स्कीपासून एक भेग सरसरत वर गेली.

मग कुंदूजनं रीतभात गुंडाळून ठेवली. "थांबा! जागचे हलू नका!" ती अशी ओरडली की तुर्दाकुन शाळकरी पोरासारखा थिजला. "आता हळू वळा. माझ्या मागून या, माझ्याच रेघेवरून."

आणि तिनं त्याला पाठ दाखवली. मागून स्कीचा आवाज येतोय का, एवढंच ती ऐकत होती. तो येत होता.

झाडीत पोचल्यावर दोघांनी वळून पाहिलं. भेग आता उतारभर गेली होती.

"आता कुठून?" त्यानं विचारलं.

देवदारांमधून सुरक्षित वाटेनं ती त्याला डोंगराच्या धारेवर घेऊन गेली. खाली येताना तो दहादा पडला. काठ्या लगामासारख्या ओढून त्यानं घोडा थांबवतात तसं "द्र्र्र! द्र्र्र!" केलं, पण स्की काही थांबल्या नाहीत. पडल्या पडल्या तो हसत मात्र होता.

गावाच्या तोंडाशी घोड्यावर बसलेला शेजारी एसेनगुल भेटला. पुढे सून आणि मागे सासरा बघून त्याला चेष्टेची लहर आलीच.

"काय रे तुर्दाकुन, म्हातारपणी सुनेची पाठ बघत चालायची पाळी आली?"

कुंदूज जागीच थांबली. बाजूला व्हावं की काय, तिला सुचेना.

"ती पाठ दिसत होती म्हणून जिवंत आलोय," तुर्दाकुन म्हणाला. "परवा पाहुण्यांना तीच नेणार आहे. तुला शिकायचं असेल तर सगळ्यांच्या मागं उभा राहा. आणि तू गं, थांबलीस का? चल पुढे."

कुंदूजच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पण ती पुढे होती, त्यामुळे ते कुणालाच दिसलं नाही.