ओलेत्याचा फेरा

वाशीम नगराचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वत्सऋषींच्या तपाने ही भूमी पावन झाली आणि येथे एकशे आठ तीर्थे प्रकटली, असे जुनी माणसे हात जोडून सांगतात. ज्या पेठेपासून गाव वाढत गेले, त्या मूळ पेठेत त्यांपैकी सात तीर्थे आजही नांदत होती. मात्र कालौघात एक पिठाच्या गिरणीमागे गेले होते, एक मोबाइलच्या दुकानात फरशीखाली विसावले होते, आणि एकाच्या डोक्यावर हातपंप बसला होता.

बाहेरून आलेली सून अक्षता पडल्याने पेठेची होत नसे. वैशाखात सातही कुंडांचे पाणी एका फेऱ्यात अंगावर घेतले, तरच ती पेठेची. पहिल्या कुंडावर भिजलेले वस्त्र सातव्यापर्यंत वाळता कामा नये. वाळले, की फेरा मोडला. आणखी एक नियम होता. फेऱ्यातल्या बाईच्या वस्त्राचे पाणी ज्याच्या वस्त्राला लागेल, त्यालाही फेरा चुकत नसे. म्हणून अशी बाई गल्लीत शिरली, की भलेभले भिंतीला चिकटत.

ललिताबाई इंझोरीहून सून होऊन आल्या, त्यानंतर नातवंडे झाली, दात गेले, तरी थोरली जाऊ गोमतीबाई त्यांना ‘इंझोरीवाली’च म्हणत. गोमतीबाईंचे माहेर आणि सासर एकाच गल्लीत. आणि सातवे कुंड, म्हणजे विहीर, नेमकी त्यांच्याच अंगणात. मागे दोनदा ललिताबाई तिथवर पोचल्या, तेव्हा कडी निघेपर्यंत वैशाखाच्या उन्हाने आपले काम उरकले होते.

यंदा त्यांनी घोंगडीसारखे जाड नऊवारी लुगडे काढले. फेऱ्याचे नियम सांभाळणाऱ्या रामराव पुराणिकांनी ते बोटांत चोळून पाहिले.

"शास्त्रात जाडीचं काई सांगितलं नाई," ते म्हणाले, आणि छत्री उघडून फेऱ्याच्या पुढे झाले.

ललिताबाईंची सून रीता लोटा घेऊन मागे, पण चार हात अंतर राखून. तिचा स्वतःचा फेरा व्हायचा होता आणि आज तिला नंतर कामावर जायचे होते.

पहिली दोन कुंडे सुखरूप झाली. गिरणीमागच्या कुंडावर मात्र ललिताबाईंनी पदर झटकला आणि तो मुन्ना गिरणीवाल्याच्या पाठीवर सपकन बसला. मुन्ना आधीच पिठाने माखलेला. जिथे पाणी लागले तिथे त्याची कणीक झाली.

"काकू, दळणं पडले हायेत माहे."

"पडू दे. देवाचं पाणी लागलं तुले. चाल."

मुन्ना चालू लागला. हातपंपावर ललिताबाईंना आपोआप हसू येऊ लागले. मोबाइलच्या दुकानात दुकानदार वीरेंद्रने फरशी उचलली आणि गिऱ्हाइकांना खुर्च्यांवर चढवले. भिजलेल्या लुगड्याचा भार ओढत धावताना ललिताबाईंना वाटले, आपण पुन्हा नवी नवरी झालो आहोत, आणि या वेळी वरातीत खरोखर मजा येते आहे.

सहा झाली. सातव्याचे दार बंद होते. वरच्या खिडकीतून आवाज आला.

"कोण हाये?"

"जाऊबाई, मी ललिता. दार उघडा."

"कोण ललिता?"

"तुमच्या दिराची बायको."

"अस्सं. इंझोरीवाली. थांब, चष्मा सापडून नाई राह्यला."

"डोळ्यावरच तं हाये," रामराव म्हणाले.

"तो दूरचा हाये. कडी जवळची हाये."

ऊन चढत होते. लुगड्यातून वाफ निघू लागली. रामराव ललिताबाईंभोवती प्रदक्षिणा घालून पाहत होते.

"खांदा गेला. निऱ्या गेल्या. पदर अजून जिता हाये."

ललिताबाईंचे हसू थांबले. गुडघे बोलू लागले होते. पुढच्या वैशाखात ते येथवर आणतील याची खात्री नव्हती. त्यांनी मान वर केली.

"जाऊबाई, खाली या. माहा पदर तुमच्या हातानं पाहा. वाळला म्हणसान तं मी पुन्हा या दारात येणार नाई."

गोमतीबाईंचा जगात एकाच वस्तूवर विश्वास होता, स्वतःच्या हातांवर. कडी निघाली. त्यांनी पदर मुठीत धरला आणि धुण्याचा पिळावा तसा करकचून पिळला.

सहा कुंडांचे पाणी एका धारेत निघाले, ते थेट गोमतीबाईंच्या कडक इस्त्रीच्या साडीवर.

अंगावरची कणीक सोलत मुन्ना हळूच म्हणाला, "काकू, लागलं."

"घाम हाये तो," गोमतीबाई म्हणाल्या.

"वहिनी," रामरावांनी छत्री मिटली, "तुमी पेठेत जन्मल्या, पेठेतच देल्ल्या. फेरा कधी केला?"

हे आजवर कोणी विचारलेच नव्हते.

"जन्मलेल्याले कायचा फेरा?"

"आपल्याले माहीत हाये. पाण्याले नाई."

ललिताबाईंच्या पोटातून हसण्याचा असा उमाळा आला, की त्यांना चौकट धरावी लागली. गोमतीबाईंनी ओठ दाबून पाहिले, नाक मुरडून पाहिले, आणि अखेर त्याही हसल्या. मग स्वतःच विहिरीत बादली सोडून त्यांनी ती ललिताबाईंच्या डोक्यावर उपडी केली. सातवे झाले. दुसरी बादली ललिताबाईंनी त्यांच्यावर ओतली. ते पहिले झाले.

तेवढ्यात रामरावांचे लक्ष गेले. "वहिनी, ही साडी झिरझिरीत हाये. गिरणीपर्यंत नाई टिकायची."

क्षणात धावपळ उडाली. मुन्नाने हातगाडी आणली, गोमतीबाईंना पोत्यासारखे वर बसवले, आणि वरात उलट्या दिशेने निघाली. ललिताबाई पाणी गाळत गाडी ढकलत होत्या.

"ललिते, जोरानं ढकल वं. वाळून राह्यलं."

दुकानाच्या पायरीवरून वीरेंद्रने विचारले, "काकू, आता पेठेचं कोण आन बाहेरचं कोण?"

गोमतीबाईंनी गाडीवरूनच ढकलणारीकडे बोट दाखवले.

"ते पेठेची हाये. माहं अजून ठरून राह्यलं. फरशी उचल लवकर."