चौथ्या थराची माती

संपादकांचा फोन दुपारपासून तिसऱ्यांदा आला. "ताई, पाचला अंक छपाईला जातोय. तुमच्या वडिलांच्या स्मृतीचा अंक आणि त्यात त्यांचाच लेख नाही, बरं दिसतं का?"

"बघते," ती म्हणाली. नजर मात्र प्रयोगशाळेतल्या टेबलावरच्या बाबांच्या वहीवरून हलेना.

बाबांना जाऊन महिना झाला होता. नदीकाठच्या कड्यात एकावर एक गाडल्या गेलेल्या प्राचीन जमिनींचे पाच थर होते. कोणत्या काळात मातीने किती कार्बन धरून ठेवला, याचा अंदाज त्यांनी आयुष्यभर बांधत आणला होता. चौथ्या, हिमयुगातल्या थराचा आकडा थेट उबदार काळाच्या बरोबरीला आला, तेव्हा ते दवाखान्यातल्या खाटेवर उठून बसले होते. "सगळे म्हणतात, थंडीत माती उपाशी राहते. बघ, कशी खाऊनपिऊन आहे!" लेखाचा सगळा डोलारा त्या एका आकड्यावर उभा होता. शेवटचा हात तेवढा तिला फिरवायचा होता.

वहीत प्रत्येक थरापुढे दोन खुणा होत्या, एक आम्लाने धुतल्याची आणि एक भट्टीत जाळल्याची. मातीतल्या चुन्यातही कार्बन असतो. तो आधी आम्लाने घालवला नाही, तर भट्टी त्यालाही कुजलेल्या पालापाचोळ्यात धरून मोजते.

चौथ्या थरापुढे एकच खूण होती. जाळल्याची.

"तराजूकाका, हा थर कोणी धुतला?"

प्रयोगशाळेत तीस वर्षं वजनं करून काकांना ते नाव पडलं होतं. "साहेबांनीच. दवाखान्यातून पळून आले होते, हाताला सुई तशीच. मला म्हणाले, तू हो बाजूला, तुझा हात जड." काका हसले आणि वहीत डोकावले. "खूण करायची राहिली असेल गं."

"भट्टीत घातली, त्यातली भुकटी उरली आहे?"

"चिमूटभर. पण पोरी, साडेचार वाजलेत. आता कशाला उकरतेस?"

तिने काचेच्या तबकडीवर भुकटी पसरली, ड्रॉपरमध्ये आम्ल घेतलं आणि हात तसाच अधांतरी राहिला. ड्रॉपर खाली ठेवला असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

थेंब पडला. भुकटी फसफसली.

धुतलेली माती फसफसत नाही. चुना जसाच्या तसा होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"शंका होती." काकांनी चष्मा उगाचच पुसला. "इतके खूश होते गं ते. माझी जीभच रेटेना."

तिने वही पुन्हा पुढे ओढली.

"तेवढा थर गाळ आणि दे पाठवून," काका म्हणाले.

"त्या आठवड्यात बाबांनी आणखी काय धुतलं?"

"दुसरा आणि पाचवा. पण त्यांच्यापुढे दोन्ही खुणा आहेत."

"केल्या कुणी? त्यांनीच ना, सुई लावलेल्या हाताने?"

फोन पुन्हा वाजला.

"ताई, पानं राखून ठेवू ना?"

"नका ठेवू."

"अहो, असं काय करता? काय सांगू मी लोकांना?"

ती आता जे सांगणार होती, ते बाबांना हयातीत कुणी म्हणायला धजलं नव्हतं, तीही नाही.

"सांगा," ती म्हणाली, "त्यांचा आकडा चुकलाय."