वीतभर आणि तीन बोटं

मित्रांनो, सिंगापूरला बेडोकमधल्या एका आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारा मी एक जुना पृथ्वीगोल आहे. इतका जुना, की माझ्यावर अजून चेकोस्लोव्हाकिया आहे!

पुण्याच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. निशिकांत पाचवीत असताना त्याच्या वडिलांनी मला विकत घेतलं. बँकेतल्या नोकरीसाठी तो इथे आला, तेव्हा विमानात त्याने मला मांडीवर धरलं होतं. पुढे त्याची मुलं, सारंग आणि अश्लेषा, माझ्यावर बोट ठेवून देश शोधू लागली. मला गरागरा फिरवण्यावरून त्यांची रोज भांडणं व्हायची. मग हातात फोन आले आणि मी कपाटावर गेलो. मुलंही गेली. सारंग लिस्बनला, अश्लेषा प्रागला.

पुढे दोघांचा अबोला झाला. सारंगने पीएच.डी. अर्धवट सोडली होती. ते अश्लेषाने परस्पर घरी सांगितलं. दोन वर्षं तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

एका शनिवारी दुपारी प्रागहून फोन आला. अश्लेषा सायकलवरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं होतं आणि संध्याकाळी ऑपरेशन होतं. तिची आई, सुरेखा, घाईघाईने विमानं शोधू लागली.

"सतरा तास लागतील हो! तोवर पोरगी एकटीच?"

निशिकांतने मला खाली उतरवलं, बाहीने धूळ पुसली आणि हाताने मोजलं. सिंगापूर ते प्राग वीतभर. लिस्बन ते प्राग जेमतेम तीन बोटं.

"सव्वादोन हजार किलोमीटर," तो म्हणाला. "विमानाने सव्वातीन तास. सारंगला लाव."

सुरेखाने फोन लावला.

"तिला माझी गरज नाही, आई," सारंग म्हणाला.

"तिला नसेल. मला आहे रे."

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली. मग आवाज आला, "दुपारचं विमान मिळेल. ठेव आता, बॅग भरतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी, विमानतळावर निघायच्या आधी, व्हिडिओ कॉल आला. ऑपरेशन नीट झालं होतं. अश्लेषा पलंगावर होती आणि शेजारी खुर्चीत दाढी वाढलेला सारंग.

"आई, दादा घोरतो लाह! नर्स हसत होती." वाक्याच्या शेवटी लागणारा सिंगापुरी 'लाह' तिच्या तोंडून अजून गेला नव्हता.

"आता बोलते आहे. काल हात सोडत नव्हती," सारंग म्हणाला.

अश्लेषाने मान वळवली. "सावकाश या, आई. दादा आहे इथे."

सुरेखा रडली आणि तशीच हसलीही.

मित्रांनो, मला कागदात जन्म देणाऱ्या कारागिरांचा, मांडीवर आणणाऱ्या निशिकांतचा मी ऋणी आहे. त्या दुपारी मी कामी आलो, याहून मला काय हवं? तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी धूळ खात असेल, तर एकदा पुसून बघा. आणि भावंडांशी अबोला असेल, तर कुणी पडायची वाट बघू नका. आजच फोन लावा.