वहिनींच्या मापाचा शॉकप

काडीरावांची मोटरसायकल गिरणीसमोर बसली, तेव्हा मी दळणाच्या रांगेत उभा होतो. बसली म्हणजे खरोखर बसली. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, पिठाचा डबा मांडीवर घेऊन मागं टेकल्या आणि धक्के झेलणाऱ्या मागच्या शॉकपनं कुईं करून तेलाची पिचकारी मारली. मडगार्ड जाऊन टायरला चिकटलं. काडीरावांनी तशीच दामटली, तर असा काही खर्रर्र आवाज निघाला की रांगेतली कुत्री उठून पळाली. रांग हसली. मीही हसलो, पण डबा तोंडासमोर धरून. शेजारी राहायचं असतं.

वहिनी उतरल्या. उतरल्याबरोबर गाडी टुणकन वर आली, म्हणून रांग पुन्हा हसली. खरं तर तेच त्यांना लागलं.

डबा त्यांनी डोक्यावर घेतला, घरी नेऊन उतरवला आणि त्याच पावली ओढ्यापलीकडं भावाच्या घरी चालत्या झाल्या. जाताना नवऱ्याला म्हणाल्या, "मी बसल्यावर जी गाडी बोंबलते, तिच्यावर मी बसायची नाही. गाडी गप्प झाली की न्यायला या. चालत आलात तर मागं पाठवीन."

आता काडीराव कसे, तर त्यांनी सदरा घातलाय की सदऱ्यानं त्यांना, हे वारा सुटला की कळायचं नाही. शेत चालायचं ते वहिनींच्या जिवावर. खताचं पोतं त्या एकट्या बांधापर्यंत न्यायच्या आणि काडीराव मागून रिकामी बादली. त्या गेल्या आणि वांग्याच्या वाफ्यात तण गुडघ्याला लागलं. गाय तर त्यांच्याशिवाय कोणाला कासेला हात लावू देईना. काडीराव धार काढायला बसले, त्यांना तिनं गोठ्याच्या कोपऱ्यात भिरकावलं. मग त्यांची आई बसली. म्हातारी आधी "गेली तर जाऊ दे" म्हणत होती. गाईची लाथ नडगीवर बसल्यावर म्हणाली, "अरे, ती गाडी तेवढी नीट करून घे."

गाडी इतकी जुनी की तिचा शॉकप कंपनी विसरून गेलेली. मिस्त्रीनं भंगारातून एक वापरलेला शोधून आणला. भलत्याच बनावटीचा, लाल स्प्रिंगचा, मनगटाएवढ्या जाड वेढ्यांचा. आधी कोणत्या गाडीला होता ते भंगारवाल्यालाही ठाऊक नव्हतं. मिस्त्री म्हणाला, शर्यतीच्या गाडीचा असणार. मला तो विहिरीवरच्या पंपाचा वाटला, पण मी बोललो नाही.

मिस्त्रीच्या अंगणातल्या झाडाला आम्ही गाडी शेपटीकडून टांगली. जुना निघाला तो गंजासकट. नवा वरच्या बोल्टात बसला, खाली बसेना, कारण तो चांगला चार बोटं लांब होता. मिस्त्री म्हणाला, लांब असणं चांगलं, ऐट येते. मग त्यानं चाक पायानं दाबलं, मी गाडी वर ढकलली, काडीरावांनी डोळे मिटले आणि बोल्ट गेला. भोक मोठं आणि बोल्ट बारीक म्हणून मधे वायसर भरले. गाडी खाली सोडली तर तिचं बूड वासरानं शेपूट वर करावं तसं आभाळाला लागलेलं. स्टँड आता जमिनीला पुरेना. गाडी काडीरावांच्या अंगावर पडली. स्टँडखाली वीट दिली, तेव्हा उभी राहिली. ती वीट मिस्त्रीनं त्यांच्या पिशवीतच घातली. "ही आता गाडीचाच भाग समजा," म्हणाला.

खरी अडचण पुढं आली. स्प्रिंगच्या बुडाशी एक चकती असते, ती आवळली की स्प्रिंग कडक, सैल केली की मऊ. किती आवळायची ते बसणाऱ्याच्या वजनावर. मिस्त्रीनं हातोडी उचलली आणि विचारलं, "वहिनींचं वजन किती?"

 काडीराव झाडाकडं बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "असेल माझ्याइतकंच. थोडं इकडंतिकडं."

"इकडं की तिकडं?" मिस्त्री म्हणाला. "हे बघा, स्प्रिंगला लाज नसते. चुकीचं सांगितलंत तर पुन्हा गिरणीसमोर बसाल."

काडीराव बायकोचं वजन वाढवून सांगायला तयार होईनात. इतकं सगळं झालं तरी माणूस बायकोच्या बाजूचा होता, हे मी मान्य करतो. तेवढ्यात म्हातारी लंगडत आली. प्रश्न ऐकून तिच्या नडगीचं दुखणंच गेलं. जनावरांच्या खुराकाची पोती सीटवर रचा, मी सांगते, म्हणाली. एक रचलं. "अजून." दुसरं रचलं. "सुनेला मी रोज बघते की तू? अजून." तिसरं मीच ठेवलं. त्यावर म्हातारीनं स्वतःच्या हातानं पाटा ठेवला आणि मागं सरून बघितलं. "आता झाली," म्हणाली.

मिस्त्रीनं छिन्नी लावून हातोडीनं चकती आवळायला घेतली. पोत्यांखाली गाडी सरळ होईपर्यंत ठोकली. चकती शेवटच्या आट्यावर जाऊन जी रुतली, ती रुतलीच. पोती उतरवली तरी शॉकप हलायचं नाव घेईना.

काडीराव वहिनींना आणायला निघाले, मी सायकलवर सोबत. शेतातली वाट सगळी ढेकळांची, उन्हानं विटेसारखी वाळलेली. पहिल्या ढेकळाला काडीराव सीटवरून उठले, दुसऱ्या ढेकळाला परत आले. तिसऱ्याला आले ते टाकीवर. त्यानंतर ते गाडीवर कमी आणि वर जास्त होते. टोपी ओढ्याअलीकडंच राहिली. मी सायकलवरून आधी पोहोचलो, पाणी प्यायलो, तेव्हा ते आले, पाय फाकवून, गाडी हातानं ढकलत.

वहिनी ओट्यावर शेंगा सोलत होत्या. उठल्या. त्यांनी गाडीचं वर गेलेलं बूड बघितलं, लाल स्प्रिंग बघितली, नवऱ्याची चाल बघितली.

"लागलं का कुठं?"

"नाही. तू बस फक्त."

वहिनी बसल्या. आधी एक बाजू, मग श्वास धरून दुसरी. अंगणातले सगळे कान देऊन उभे. गाडी बोटभर खाली आली आणि थांबली. कुईं नाही की खर्रर्र नाही. भावजयीनं वाकून टायर आणि मडगार्डच्या मधे आख्खा पंजा घालून दाखवला.

"अगंबाई," वहिनी हळूच म्हणाल्या, "मी वजनानं उतरले की काय चार दिवसांत?"

काडीरावांनी पहिल्यांदा शहाण्यासारखी नुसती किक मारली.

परत येताना तीच वाट, तीच ढेकळं, पण गाडी लोण्यातून चालल्यासारखी. वहिनी मांडीवर वीट घेऊन ताठ बसलेल्या. घराचा फाटा आला तशा म्हणाल्या, "गिरणीवरून घ्या." घेतली. "पुन्हा घ्या." पुन्हा घेतली. रांगेत कोणी हसलं नाही. संध्याकाळी गाईनं बादली भरून दूध दिलं.

तेव्हापासून काडीरावांना एकट्याला गाडी चालवता येत नाही. मिस्त्रीनं चकती सैल करायला छिन्नी लावली, छिन्नी तुटली. म्हणून ते चहाच्या टपरीवर पत्ते खेळायला गेले तरी वहिनी मागं, सोसायटीच्या बैठकीला गेले तरी वहिनी मागं. टपरीवर आता पत्ते बंद आहेत आणि बैठकीत सचिव वहिनींना बघून चष्मा पुसतो.

परवा म्हातारी नडगी दाखवायला दवाखान्यात निघाली. मुलाच्या मागं बसली, आणि फाटकातल्या उंबऱ्याला अशी उडाली की अंगणातली तुळस ओलांडून थेट उकिरड्यावरच टेकली. बसल्या जागेवरून तिनं मिस्त्रीला शिव्या घातल्या. मिस्त्री रस्त्यानंच चालला होता. तो म्हणाला, "काकू, पोती तुम्हीच मोजली होती."

वहिनींनी एकदा मिस्त्रीकडं बघितलं, एकदा सासूकडं. माझ्याकडंही बघितलं, मी कुंपण नीट करायला लागलो. मग त्यांनी म्हातारीला उचललं, झाडलं, नवऱ्याच्या मागं मधोमध बसवलं, मागून स्वतः बसल्या आणि वीट सासूच्या मांडीवर दिली.

"घट्ट धरा, आई," त्या म्हणाल्या. "हलकी माणसं उडतात."